दस्तीखालचा हात

७ जानेवारी

ही वही माझ्या हौसेची न्हाई. हिंगोलीच्या डॉक्टरणीनं लिहायला लावली. म्हणलं, बाई, मी अंगठा उठवणारी, आन आता अंगठाबी धड उठत न्हाई. ती हसली. मी काही हसायसारखं बोलले नव्हते. म्हणली, "घरात लिहिणारं कुणी आहे का?" म्हणलं, सून हाये, सातवी झालेली. तोंड उघडत न्हाई, पेन उघडती का बघते. म्हून ही अंजली बसली पुढ्यात, भारतची पयलीची वही उलटी करून. पुढून नातवाचं बदक, मागून आजीचं दुखणं.

सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो ते रोज लिहायचं, आन महिन्यानं वही दाखवायची. घड्याळ मला कळत न्हाई. पण आमचं घर गोरेगावात, रस्त्याला लागून, आन सेनगावच्या जीपा पहाटेपासून जातात. आज सकाळचं आठवून सांगते, उठून बसले तवा पयली जीप गेली. लुगड्याची गाठ मारता आली तवा चौथी. लिही, चार जीपा.

दुखण्याचं नाव संधिवात. दोनी हाताला बराबर त्याच त्याच जागी, वाटणी करून दिल्यासारखा. डॉक्टरणीनं समजावून सांगितलं की रक्तात राखणदार असतात, ते बाहेरच्या रोगाला मारतात, माझे राखणदार माझ्याच सांध्यावर धावून राहिले. म्हणलं, समजलं, राखणीचं कुत्रंच मेंढरं फाडून राहिलं. ती म्हणली, "अगदी बरोबर." इतकी शिकलेली पोरगी, नातीच्या वयाची, आन कुत्र्यावर पटली.

गोळ्या दोन. एक चमकत्या पट्टीतली, एक डबीतली बारकी. पट्टीतली जोराची. म्हणली, "आजी, ही आठवड्याची गोळी आहे. रोज घ्यायची नाही, रोज घेतली तर बाधेल. कोणता दिवस लक्षात राहील तुमच्या?" म्हणलं, बाजाराचा. बाजार मी मेल्यावरबी इसरणार न्हाई. ती खूश झाली. "मग ठरलं. बाजाराच्या दिवशी ही, बाकीच्या दिवशी ती बारकी."

शहाणी बाई. मला बाजाराच्या दिवशीच हात लागतो, हे तिला न सांगता कळलं. आज हिंगोलीचा बाजार व्हता, म्हून तिथंच चहासंगं पयली गोळी घेतली.

८ जानेवारी

पाच जीपा. थंडी लई.

अंजली म्हणती, आत्याबाई, शेळ्यांचं दूध मी काढते. म्हणलं, काढ. मग म्हणती, दाव्याच्या गाठी मी सोडते. म्हणलं, सोड. मग म्हणती, वेणी घालून देते. म्हणलं, बाई, मला तिरडीवर कधी बांधणार तेबी ठरवून टाक. हे लिहू नको म्हणलं तर लिहून बसली. तिचं पेन ऐकत न्हाई.

१० जानेवारी

गोरेगावचा बाजार. गोळी घेतली. चार जीपा.

डॉक्टरणीनं इचारलं व्हतं, काम काय करता? मी म्हणलं, शेळ्या इकते. तिला वाटलं असंल, घरच्या दोन-चार. म्हून लिहून ठेव, तिला वाचू दे. मी दलाली करते. लोकांच्या शेळ्या-बोकडं मी इकून देते. तीन बाजार माझे: गोरेगाव, हिंगोली, आखाडा बाळापूर. मालक गेले तवा माझा पोरगा शिवहार हा एवढासा व्हता. मालकांची दस्ती, म्हंजी खांद्यावरचा मोठा रुमाल, खुंटीवर टांगलेली. मी ती खांद्यावर टाकली आन बाजारात जाऊन उभी राहिले.

आमच्यात भाव तोंडानं न्हाई सांगत. घेणाऱ्याचा आन इकणाऱ्याचा हात एकमेकाच्या हातात, वरून दस्ती टाकायची. दस्तीच्या आत बोटं बोलतात. एक बोट धरलं म्हंजी एक हजार. सगळा पंजा म्हंजी पाच. पंजा दाबून सोडला आन वर आणखी बोटं धरली, तर ते वरचे. भोवती शंभर माणूस उभं राहू द्या, कुणाला काही कळत न्हाई. मग घेणारा तीच बोटं उलटी दाबून बघतो, बराबर का म्हून. मान हलवली की सौदा झाला. दस्ती काढली की शब्द फिरत न्हाई. देवानं येऊन सांगितलं तरी न्हाई.

बाईनं परक्या माणसाच्या हातात हात घालावा का, म्हून पयल्या वर्षी सारं गाव बोललं. दुसऱ्या वर्षी त्याच गावानं आपली बोकडं माझ्याकडं आणून बांधली. लोकांना अक्षरं येतात, मला बोटं येतात. समोरचा किती भुकेला, किती लबाड, घरी लग्न हाये का दुखणं हाये, हे त्याच्या तळव्याच्या घामावरून कळतं मला.

अंजली म्हणली, मीबी यू का बाजारात, नुसती बघायला? म्हणलं, तुला बघायला आलते तवा तू भाकर जाळलीस. आता बोकड जाळशील.

१२ जानेवारी

आज लिहायचं न्हाई असं ठरवलं व्हतं. पण डॉक्टरीण म्हणली, खरं लिहा.

बाळापूरचा बाजार. गोळी सकाळीच घेतली, म्हणलं बाजारापर्यंत हाताला पोचंल. गाडीवाल्या जगनच्या पिकअपमधी थंडीनं हात लाकूड झाले. जनकाबाईचा बोकड संगं व्हता. जनकाबाई म्हंजी आमची शेजारीण, एकटी बाई, एकच बोकड दोन वर्षं पोसलेला. मला म्हणली व्हती, पंचफुलाबाई, नऊच्या खाली देऊ नका. म्हणलं, साडेआठला कुणी बोललं तर त्याचीच दाढी बाजारात इकते.

घ्यायला हिरासिंग आला. पंधरा वर्षं माझ्याकडून माल उचलतो. "बोलो मावशी, हाथ लाव." दस्ती टाकली. पंजा दाबला, सोडला. मग त्याची चार बोटं धरायला गेले, नऊ करायला. धरली बी. पण करंगळी निसटली, तिच्यामागं दुसरं बोट निसटलं. मला वाटलं, धरलीत. माझ्या हातात काय उरलं ते माझ्याच हाताला कळलं न्हाई. त्यानं उलटं दाबून बघितलं, अगदी गाठीवर. डोळ्यापुढं काजवे आले. ओरडू नये म्हून मी दात आवळले आन मान खाली गेली.

त्याला वाटलं, व्हय म्हणले.

दस्ती निघाली. त्यानं हातावर सात ठेवले. मी बघतच राहिले. त्यानं इचारलं, "क्या हुआ, मावशी? तुम्हीच सात बोललात." खरंच व्हतं. माझा हात सात बोलला व्हता.

हात दुखतो, चूक झाली, एवढं म्हणता आलं असतं. मग उद्या तीनी बाजारात झालं असतं की पंचफुलाबाईच्या हाताला आता काही कळत न्हाई. म्हून तेवढंबी म्हणले न्हाई.

१३ जानेवारी

जनकाबाईला सांगितलं, बाजार पडला. ती म्हणली, "पडला असंल. तुमच्या हातून कधी कमी आलं न्हाई." आन मला चहा पाजला. साखर जास्त टाकली व्हती.

पाच जीपा.

१४ जानेवारी

संक्रांत. हिंगोलीचा बाजार व्हता, सणाला पाव बाजारबी भरला न्हाई. पण बाजार तो बाजार, गोळी घेतली. आपण नियमाची माणसं.

अंजलीनं तिळगूळ दिला आन पाया पडली. गोड बोला म्हणते. म्हणलं, मी गोड बोलले तर तुला ताप यील.

१९ जानेवारी

मधी लिहिलं न्हाई. अंग गळून गेल्यावाणी झालंय. गोरेगावची आन आजची बाळापूरची, दोनी गोळ्या झाल्या.

आज दोन शेळ्या इकल्या, दस्ती न टाकता, तोंडानं भाव सांगून. घेणारा नवखा पोरगा व्हता, त्याला वाटलं म्हातारी नव्या चालीची हाये. पलीकडं लिंबाजी उभा. तोबी दलाली करतो, मालकांच्या हाताखाली शिकलेला. म्हणला, "वहिनी, दस्ती धुवायला टाकली का?" म्हणलं, तुझ्या तोंडाला बांधायला ठेवलीय. हसला. पण माझ्या हाताकडं बघून हसला.

२१ जानेवारी

तीन जीपा! लिही, मोठ्यानं लिही. तीन.

थंडी उतरली म्हून असंल, अंजली म्हणती. म्हणलं, गोळीला यश दिलंस तर तुझं काही जाईल का? हिंगोलीच्या बाजारात दस्ती टाकली आन सौदा केला. करंगळी दुखली, पण बोटं राहिली. गोळी घेतली.

आज रक्त तपासायची तारीख व्हती, पंधरा दिवस झाले म्हून. बाजार सोडून सुई टोचून घ्यायला कोण जातंय? रक्त काय, पुढच्या बाजारीबी अंगातच असणार हाये.

२४ जानेवारी

गोरेगावचा बाजार. गोळी घेतली. चार जीपा. तोंडात काहीतरी उठलंय. तिखट लागत न्हाई, झोंबतं.

जनकाबाईची पाट, तरणी शेळी, आज बाजारात दिसली. दोन वर्षांची, पांढऱ्या कानाची. माझ्या हातून जन्मली व्हती ती. लिंबाजीच्या दाव्याला बांधलेली. जनकाबाई तिच्याजवळ उभी. मला बघून तिनं शेळीला चारा दाखवला, शेळीला भूक नसताना.

मी जवळ गेले. म्हणलं, छान झालीय पाट. ती म्हणली, "व्हय बाई. तुमाला तकलीफ काहून द्यायची, म्हणलं." बस, एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. मी भांडणात चांगली हाये.

हिरासिंगनं सांगितलं असंल का? न्हाई, तो बोलत न्हाई. सगळ्यांना दिसून राहिलं असंल. फक्त मलाच वाटतं, हात पदराखाली हाये म्हंजी झाकलेला हाये.

२८ जानेवारी

परवा बाळापूर, आज हिंगोली. दोनी गोळ्या झाल्या. पट्टी संपली.

तोंड आतून सगळं सोललंय. जिभेला, गालाला, व्हटाला. भाकर दुधात कुस्करून गिळते. बाजारात आज आवाज टाकायला तोंड उघडलं, तर पाणीच आलं डोळ्याला. हात बोलत नव्हता म्हून तोंडानं भाव सांगायला लागले, तर आता तोंडबी गेलं. बोकडं मला बघून ओरडून राहिली. म्हणलं, तुमीच सांगा बाबांनो तुमचा भाव.

उलटी झाली दोनदा. पित्त असंल.

अंजलीनं आज लिहिता लिहिता पेन थांबवलं. "आत्याबाई, लई गोळ्या व्हत न्हाईत का हो?" म्हणलं, रोज घेते का मी? रोज घेऊ नका म्हणली, न्हाई घेत. बाजाराच्या दिवशी म्हणली, बाजाराच्या दिवशी घेते. डॉक्टरीण तू का ती? तुझी सातवी, तिची कितवी झाली असंल, बघ. पुन्हा लिहायला लागली. पण अक्षर बारीक काढून राहिली आज. मला वाचता येत न्हाई, पण बारीक कळतं.

३१ जानेवारी

जगनला रिकामी पट्टी दिली व्हती, त्यानं औषधाच्या दुकानातून दुसरी आणली. तशीच, दहाची. दुकानदारानं काही इचारलं न्हाई म्हणला. गोरेगावचा बाजार, गोळी घेतली.

सहा जीपा. सातवीबी गेली असंल, मला मधीच डोळा लागला.

केस विंचरताना फणीत मूठभर आले. पायावर निळे डाग. कुठं आपटले, ध्यानात न्हाई. अंजली म्हणती, दवाखान्यात चला, बाजार राहू द्या. मी म्हणलं, महिना भरायला चार दिवस हायेत, तारीख तारखेला. तीन बाजार सोडले की गिऱ्हाईक लिंबाजीचं. एकदा दुसऱ्याच्या दाव्याला जनावर बांधलं की मालक परत येत न्हाई.

भारतनं माझ्या हाताला हळद लावली, शाळेतून येऊन, कुणी न सांगता. लावली ती बोटाच्या टोकाला. म्हणला, "आजी, इथं लागलंय ना?" म्हणलं, व्हय रे लेकरा, बराबर तिथंच.

२ फेब्रुवारी

हे अंजलीला आठवंल तसं लिही म्हणलं.

बाळापूरला गेले. जाऊ नका म्हणली ती, मी गेले. गोळी घेतली. अंगात ताप व्हता, थंडी वाजून राहिली, पण पिकअपमधी बसले की सगळ्यांनाच थंडी वाजती. मिराबाईचा बोकड संगं व्हता. तेवढी एकच माझ्याकडं राहिलेली.

हिरासिंग आला. दस्ती टाकली. मी त्याचा हात धरला, आन पुढं मला काहीच करता आलं न्हाई. पंजा दाबायचा, तर दबंना. सोडायचा, तर सुटंना. त्याच्या हातात माझा हात नुसता पडून राहिला, मेलेल्या करडासारखा. कितीतरी वेळ. लोक वाट बघून राहिले, लई मोठा सौदा चाललाय म्हून.

हिरासिंगनं दाबलं न्हाई. आतल्या आत माझी बोटं एकेक करून सरळ केली, आन दस्तीखाली तसाच धरून राहिला. मग कानाजवळ म्हणला, "मावशी, हाथ बहुत गरम है. घर जाव." पंधरा वर्षांत त्यानं तोंडानं बोललेला तेवढाच भाव.

मिराबाईचा बोकड त्यानं घेतला. चांगला भाव दिला, म्हणे. मी दिला न्हाई तो. त्यानं आपल्या मनानं दिला. दलालीला तिथंच मूठमाती मिळाली म्हणायची.

घरी कशी आले ते जगनला ठाऊक.

५ फेब्रुवारी

हिंगोलीचा दवाखाना. खाटेवरून सांगून राहिले. मधी मधी थांबते, अंजली, तू पुढं पळू नको.

काल तारीख व्हती. अंजलीनंच आणलं, वही काखेत घेऊन. हिंगोलीचा बाजार भरलेला, आमी त्याच्या मधून गेलो आन मी बोकडांकडं बघितलं न्हाई. गोळीबी घेतली न्हाई, घास गिळत नव्हता.

डॉक्टरणीनं तोंड उघडायला लावलं. बॅटरी मारली. तिचा चेहरा उतरला. म्हणली, "आजी, गोळी कशी घेतली?" म्हणलं, तुमी सांगितली तशी. बाजाराच्या दिवशी. एकबी चुकवली न्हाई.

मग तिनं वही घेतली. वाचायला लागली. तोंडानं न्हाई, बोटानं. अक्षरं मला येत न्हाईत, पण बोटं येतात. एक पान वाचलं, एक बोट दुमडलं. पुढचं पान, दुसरं बोट. पंजा भरला. दुसरा पंजा भरला. मग तिच्याकडं बोटं उरली न्हाईत, पयल्यापासून पुन्हा दोन दुमडली. बारा.

मग तिनं हात वर केला, दस्ती न टाकता, आन चार बोटं दाखवली. चार पायजे व्हत्या.

म्हणली, "आजी, बाजार किती करता तुम्ही?" म्हणलं, तीन. ती खुर्चीत मागं टेकली. "मला वाटलं, तुमच्या गावचा एक. मी विचारायला हवं होतं." म्हणलं, मीबी सांगायला पायजे व्हतं. पण बाई, मला तर वाटलं, तुमी बाजारासाठीच दिली.

गोळी अंगात साचून जहर झाली म्हणे. रक्त पातळ पडलं, त्या रक्तातले राखणदारच मेले, म्हून तोंड सोललं, ताप आला. कुत्रं मेंढरं फाडत व्हतं म्हून गोळी दिली, तर मी सगळी कुत्रीच मारून टाकली. आता लांडगा आला तर भुंकायलाबी कुणी न्हाई. नळीतून काही काही सोडून राहिल्यात.

अंजली रडून राहिली. म्हणती, बाराच्या बारा मी माझ्या हातानं लिहिल्या, तरी मला कळलं न्हाई. मी म्हणलं, तू इचारलं व्हतंस, मीच तुझी सातवी काढली. हे लिहिणार न्हाई म्हणती. लिही. तू रडलीस तेबी लिही, मी सांगितलं तेबी लिही.

११ फेब्रुवारी

दवाखान्यातच. दुधाचा घोट जातो आता.

इथं जीपा ऐकू येत न्हाईत. रेल्वे ऐकू येती. एका रेल्वेपासून दुसऱ्या रेल्वेपर्यंत हात काही मोकळा व्हत न्हाई. गोळी बंद हाये, म्हून राखणदार परत यायच्या आधी दुखणंच परत आलं.

शिवहार लांब चारायला नेलेली मेंढरं सोडून आला. पायाशी उभा राहिला. म्हणला, आई, आता बाजार बस झाला. मी काही बोलले न्हाई. त्याला वाटलं, ऐकलं. पूर्वी मी ऐकत नव्हते तवा मोठ्यानं बोलायचे, त्याला तेच ठाऊक हाये.

१९ फेब्रुवारी

घर. सात जीपा. नंतर मोजलं न्हाई.

जनकाबाई आली. पेज घेऊन आली, गार करून, माझ्या तोंडाला पोळू नये म्हून. मी म्हणलं, जनकाबाई, बाजार पडला नव्हता. माझा हात पडला. ती म्हणली, "ठाऊक हाये." कवापासून? "तुमी चहाचा कप दोनी तळव्यांत धरला व्हता, त्याच दिवसापासून." मग काहून बोलली न्हाईस? "काय बोलू? तुमी आपण व्हऊन सांगाल म्हणलं."

महिनाभर थांबली बिचारी. तोवर पाट लिंबाजीकडं गेली.

पेज तिनंच चमच्यानं पाजली. मी पेजेत मीठ कमी हाये म्हणलं, तिला बरं वाटावं म्हून.

२८ फेब्रुवारी

गोरेगावचा बाजार. ओट्यावर बसून ऐकला.

मिराबाई आली व्हती सकाळी, दोन करडं घेऊन. मला म्हणली न्हाई, अंजलीला म्हणली, जाशील का? अंजली माझ्याकडं बघून राहिली. मी म्हणलं, माझ्याकडं काय बघते, मी का करडू हाये?

मग खुंटीवरून दस्ती काढली तिनं. मी शिकवायला बसले. दाखवायला गेले तर माझी बोटं दुमडंनात. म्हून तोंडानं सांगितलं. लिहायला सांगते तसंच: पंजा दाब, सोड, आता दोन धर, करंगळी सुटू देऊ नको. ती माझ्याच हातावर करून राहिली, अलगद, दुखू नये अशी. म्हणलं, इतकं हळू धरलंस तर हिरासिंगला वाटंल, लगीन ठरवून राहिली. हसली. मग घट्ट धरलं. मला दुखलं. म्हणलं, आता बराबर.

सांगायचं व्हतं ते सगळं घटकाभरात संपलं. तीस वर्षांचं. मला वाटलं व्हतं, जास्त असंल.

७ मार्च

अंजली बाजारातून आली. जनकाबाईचा नवा बोकड तिच्या हातून गेला. काय भाव म्हणलं, तर तोंडानं सांगंना. खाली बसली, माझ्या हातावर दस्ती टाकली आन आत बोटं धरली. पंजा. मग चार.

नऊ.

मी बी उलटं दाबून बघायला पायजे, रीत हाये तशी. दाबायला गेले. दाबलं गेलं का न्हाई, मला ठाऊक न्हाई. तिनं मान हलवली.

हिंगोली आन बाळापूर तिला झेपायचं न्हाई, लेकरू लहान हाये. तिथले माझे गिऱ्हाईक लिंबाजीनं घेतले. माझ्या दस्तीवर हसला व्हता, ते हसूबी त्यानं वसूल करून घेतलं, असं म्हणलं तर चालंल.

या मंगळवारी डॉक्टरणीनं रक्त बघून गोळी पुन्हा सुरू केली, निम्म्या जोराची, पट्टी अंजलीच्या हातात देऊन. या बारीला तिनं आधी इचारलं, "आजी, बाजार किती?"

म्हणलं, एक.

"नक्की एकच ना? बाकीचे?"

अंजली मधी बोलली, "एकच, मॅडम. आता चूक व्हायची न्हाई."

बराबर बोलली. कशी व्हईल? पयला बाजार गोळीनं सोडवला, दुसरा हातानं, आन उरला तो ओट्यावरून ऐकायचा.

पाणी आण, अंजली. पट्टी तूच फोड, माझ्यानं फुटत न्हाई. जिभेवर ठेव.

लिही: आज बाजार. गोळी घेतली.